2003 ची झेन की 2006 ची सँट्रो झिंग? घाटासाठी एकच ठेवायची आहे

साखरपेकर_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय, जरा लांबलंय ते सांभाळून घ्या.

घरात सध्या दोन म्हाताऱ्या गाड्या आहेत आणि जागा एकीचीच. पहिली वडिलांची (घरात त्यांना दादा म्हणतो) 2003 ची झेन एलएक्स, पॉवर स्टिअरिंग नाही, 1 लाख 12 हजार फिरलीय. दुसरी काकांची 2006 ची सँट्रो झिंग एक्सएल, 78 हजार. काका गेल्या वर्षी पोराकडे बंगळुरूला कायमचे गेले, जाताना किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले वापर नाहीतर विक, पण भंगारात घालू नको. तेव्हापासून सँट्रो बोळात उभी असते आणि समोरच्या काकू रोज सकाळी पाणी शिंपडताना माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटतात.

रोजच्याला मी दुचाकीवरच असतो. गाडी लागते ती महिन्यातून दोन-तीन वेळा गावाला जायला. गाव साखरप्याच्या पुढं, म्हणजे मलकापूरवरून आंबा घाट उतरायचा आणि रविवारी संध्याकाळी परत चढायचा. गाडीत आई-दादा, बायको आणि आठ वर्षांची पोरगी, वर गावाहून निघताना नारळ तांदूळ फणस जे काय हाताला लागेल ते.

आता माझा अनुभव सांगतो. झेन एकटा असलो की काय पळते राव, वळणावर स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच तिकडं, बूड जमिनीला टेकल्यासारखं वाटतं. पण सगळी बसली आणि एसी लावला की साखरप्याकडून चढताना जीव जातो तिचा, दुसऱ्या गिअरमध्ये नुसती ओरडते, शेवटी एसी बंद करून काचा खाली. सँट्रो उलटी. चढ कधी संपला कळत नाही, पण उतरताना मला तिची भीती वाटते. चक्री वळणावर अशी झुकते की बायको वरचं हँडल धरून डोळे मिटून बसते आणि वळण संपलं तरी गाडी एक-दोन हेलकावे खातेच. सरळ रस्त्यावर ट्रक बाजूनं गेला तरी हलते.

माझा प्रश्न एवढाच, सँट्रो उंच आहे म्हणून ती अशीच असते की हिचं वय झालंय म्हणून? आणि खऱ्या पिकअप-हँडलिंगमध्ये दोघींत सरस कुठली? सँट्रोचं पासिंग ऑगस्टमध्ये संपतंय, वीस वर्षं पूर्ण होतायत, त्यामुळं पैसे घालायच्या आधी ठरवायचंय.

नवीन घे म्हणू नका, ते बायको रोज म्हणते.

---

तिसऱ्या_गिअरचा_माणूस

भावा झेन ठेव. विषय संपला.

नाही, संपला नाही, जरा लिहितोच. माझ्याकडे 2001 ची होती, सोळा वर्षं चालवली आणि विकली त्या दिवशी ज्याला विकली तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत रस्त्यात उभा होतो, आजही एखादी झेन दिसली की नंबर बघतो. ती गाडी मुळात हलकी, पावणेआठशे किलोच्या आत, वर ते 993 सीसीचं अख्खं ॲल्युमिनियमचं इंजिन, सोळा व्हॉल्व्हवाल्याची ताकद 60 बीएचपी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपण बसतो खाली. रस्त्यापासून पार्श्वभाग वीतभर अंतरावर असल्यासारखं वाटतं. पॉवर स्टिअरिंग नाही म्हणून लोक नाकं मुरडतात पण अरे तेच तर सोनं आहे, चाकाखाली खडी आली, पाणी आलं, शेण आलं, सगळं हाताला कळतं. पार्किंग करताना दंड भरून येतात, मान्य, पण चाळीसच्या पुढे गेलं की स्टिअरिंग असं हलकं आणि खरं होतं की नंतर आलेल्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाड्या चालवताना व्हिडिओ गेम खेळल्यासारखं वाटतं.

आणि ती ओरडते म्हणालास ना, ओरडू दे. ते इंजिन वर फिरवायलाच बनवलंय. लोक काय करतात, चढाला दुसरा टाकतात, गाडी जरा आवाज करायला लागली की घाबरून तिसरा टाकतात आणि मग म्हणतात दम नाही. दुसऱ्यातच ठेव, पाय दाबून ठेव, साडेचार हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पुढं ती खरी जागी होते.

युरोपात हीच गाडी सुझुकी आल्टो नावानं इथून बनून जायची हे किती जणांना माहिती आहे? आणि 2003 मध्ये तीन दरवाजांची स्टील आणि कार्बन काढली होती, मोजक्याच गाड्या. काळी कार्बन मी एकदाच पाहिली, सिग्नल सुटला तरी बघतच बसलो, मागच्यांनी शिव्या घातल्या.

---

माहेरची_सँट्रो

दादा तुम्ही सगळं लिहिलं, पण तुमच्या आई मागच्या सीटवर कशा बसतात ते लिहिलं नाही. झेनमध्ये बसतात की पडतात?

मी विचारते कारण आमच्याकडे दोन्ही होत्या. सासरी झेन आणि माहेरी सँट्रो, त्यामुळे मला दोन्हीचं कौतुक आणि दोन्हीचा राग आहे. सासूबाईंचे गुडघे गेल्यावर झेनमधून त्यांना बाहेर काढणं हा कार्यक्रम असायचा, एकाने हात धरायचा, एकाने पाठीला आधार द्यायचा, आणि त्या स्वतः दरवाजाच्या वरच्या पट्टीला धरून "अगं थांब थांब" करायच्या. सँट्रोत असं नाही. सीट आपल्या कमरेच्या उंचीला आहे, बूड टेकवायचं आणि पाय आत घ्यायचे. ती गाडी 1998 ला आली तेव्हा तिच्या त्या उंच टोपीसारख्या आकाराला लोक किती हसले होते, शाहरुख जाहिरातीत होता म्हणून निदान बघितली तरी. पण ज्यांच्या घरात म्हातारी माणसं होती त्यांनी एकदा बसून बघितलं आणि मग कोणी हसलं नाही.

चालवायचं म्हणाल तर मी चौदा वर्षं सँट्रो चालवली, पुणे-महाड भोरवरून वरंधा घाटाने कितीतरी वेळा, पोरं मागे उलट्या करतायत आणि मी पुढे गाणी म्हणतेय अशा अवस्थेत. ती झुकते. झुकणारच, झेनपेक्षा चांगली पाऊण-एक वीत उंच आहे. पण झुकणं वेगळं आणि सुटणं वेगळं. माझी वळणावर कधी सुटली नाही. आणि तुम्ही म्हणताय तसे वळण संपल्यावर हेलकावे? नाही हो. एकदा झुकायची आणि वळण संपलं की गप सरळ व्हायची. तुमच्या गाडीत काहीतरी ढिलं झालंय.

अजून एक. अवघड वळणावर समोरून एसटी आली की सँट्रो जेवढ्या जागेत वळते तेवढ्यात झेन वळत नाही. टर्निंग रेडियस 4.4 मीटर आहे तिचा. सासरच्या झेनला मी एकदा वरंध्यात रिव्हर्स मारून दुसऱ्यांदा वळवलं होतं, मागे दरी, शेजारी नवरा, दोघांपैकी कोणाची जास्त भीती वाटत होती सांगता येत नाही.

---

पिंपरी_बी_शिफ्ट

दोघांचंही बरोबर आहे, फक्त दोघं वेगवेगळ्या गाडीबद्दल बोलतायत, एक रिकाम्या आणि एक भरलेल्या. मला आकडे आवडतात म्हणून जरा हिशोब मांडतो, कंटाळा आला तर पुढं जा.

झेनचं वजन 765 किलो धरा, 60 बीएचपी, टॉर्क म्हणजे ओढायचा जोर 78 न्यूटन मीटर पण तो मिळतो 4500 आरपीएमला. सँट्रो झिंगचं 1086 सीसीचं इंजिन, साधारण 62 बीएचपी, वजन 850 किलो, टॉर्क 96 च्या आसपास आणि तो 3000 ला.

एकटा माणूस असेल तर टनामागे झेनला घोडे (म्हणजे बीएचपी) जास्त मिळतात, म्हणून ती चुणचुणीत वाटते. आता चार माणसं बसवा, 280 किलो वाढवा. झेन 1045, सँट्रो 1130. टनामागे घोडे झेनला 57, सँट्रोला 55, म्हणजे झेन अजून पुढंच. पण टॉर्क बघा, झेनला टनामागे 75 आणि सँट्रोला 85. घाटात दुसऱ्या गिअरला पंचवीस-तीसच्या स्पीडला इंजिन फिरतंय अडीच-तीन हजारला, तिथं सँट्रोचा सगळा टॉर्क हजर आहे आणि झेनचा अजून झोपेतून उठतोय. त्यात एसीचा कॉम्प्रेसर चार-पाच घोडे खातो, साठातले पाच गेले की जाणवणारच. म्हणून साखरप्यावरून चढताना एसी बंद. गाडीत फॉल्ट नाही, तिचं गणितच तसं आहे.

तिसऱ्या गिअरवाले साहेब म्हणतात दुसऱ्यात पाय दाबून ठेव. बरोबर आहे, पण वर फिरवायला समोर मोकळा रस्ता पाहिजे ना. रविवारी संध्याकाळी आंबा घाटात पुढं ट्रक असतो आणि ट्रकच्या मागे बारा गाड्या. तिथं साडेचार हजारला काय फिरवणार, क्लचच जळणार.

हँडलिंगचं म्हणाल तर उंची हा मुद्दा आहेच, सँट्रो 1.6 मीटरच्या जवळ आणि झेन 1.4. वजन वर असलं की वळणावर बाहेरच्या चाकांवर जास्त भार जातो. त्यात आठ वर्षांच्या पोरीपासून आजोबांपर्यंत सगळे उंच सीटवर बसलेले, कॅरिअर असेल आणि त्यावर तांदळाचं पोतं असेल तर विचारूच नका. कॅरिअर आहे का? असेल तर पहिलं ते काढा.

पण हेलकावे उंचीमुळं येत नाहीत. झुकणं स्प्रिंग आणि स्टॅबिलायझर बार ठरवतो, झुकून झाल्यावर गप्प बसणं शॉकअपचं काम. वळण संपल्यावर गाडी दोनदा हलते म्हणजे शॉकअप मेलेत. वीस वर्षांत एकदा तरी बदललेत का?

---

कुर्ल्याची_पॅलिओ

दोन्ही विका आणि फियाटची पॅलिओ 1.6 जीटीएक्स शोधा. 100 बीएचपी, आपल्या कुर्ल्याला बनलेली, जाहिरातीत साक्षात सचिन. आंबा घाट काय घेऊन बसलात, तिला घाट कळतच नाही.

---

पिंपरी_बी_शिफ्ट

पेट्रोल पंपपण कळत नाही, प्रत्येक ठिकाणी थांबते.

---

कुर्ल्याची_पॅलिओ

हे जरा मनाला लागलं, पण खरं आहे 😅

---

गाडीअंगण_रत्नांग्री

मी रत्नागिरीत गाड्यांचंच काम करतो, बावीस वर्षं झाली. दोन्ही गाड्या आठवड्याला एकतरी येते अजून. कुठली चांगली ते मी नाही सांगणार, ज्याची त्याची आवड. पण हेलकाव्याचं सांगतो कारण पिंपरीवाले बोलले त्यातलं अर्धंच झालंय.

78 हजार आणि वीस वर्षं, म्हणजे गाडी चालण्यापेक्षा उभीच जास्त राहिलीय. उभ्या गाडीची रबरं चालत्या गाडीपेक्षा लवकर मरतात हे लोकांना पटत नाही. खाली जाऊन बघा, लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरं) फाटलेले असणार, स्टॅबिलायझर बारचे बुश आणि लिंक खटखटत असणार, स्ट्रटचं वरचं माउंटिंग बसलेलं असणार. घरी करायची तपासणी सांगतो. गाडी सपाटीला लावा, पुढच्या मडगार्डवर दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडा. वर येऊन गप्प बसली तर शॉकअप ठीक. वर येऊन परत खाली जाऊन परत वर आली तर गेले. मग स्टिअरिंग जाग्यावर डावी-उजवी हलवा आणि दुसऱ्या माणसाला चाकाजवळ कान लावून बसवा, टक टक ऐकू आलं तर टाय रॉड एंड नाहीतर बुश.

आता सगळ्यात महत्त्वाचं, टायर. टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. ते बघा आणि इथं लिहा. नक्षी बघू नका. कमी फिरलेल्या गाडीच्या टायरची नक्षी नव्यासारखी असते आणि रबर दगडासारखं. नखानं दाबून बघा, नख रुतत नसेल तर तो टायर कोकणातल्या पावसात तुम्हाला घेऊन जाईल, पण थांबवणार नाही.

हवा किती आहे तेही बघा. पंक्चरवाले विचारत नाहीत, सगळ्यांना पस्तीस-चाळीस मारून देतात. ह्या साइजला तीसच्या आसपास पुरे.

आणि उतरताना कुठल्या गिअरला उतरता? ज्या गिअरला चढता त्याच गिअरला उतरायचं, दोन्ही गाड्यांना पुढं डिस्क मागं ड्रम, एबीएस नाही. ब्रेक ऑइल किती वर्षं बदललं नाही? ते हवेतलं पाणी ओढतं, घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल खाली जातं. महिन्याला एकतरी गिऱ्हाईक ह्याच तक्रारीनं येतं, घाट उतरून आलेलं, चेहरा पांढरा झालेला.

झेनवाल्यांनी पण हसू नये. तिला तळाचा पत्रा बघा, ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचला. आपल्या भागात पावसाळ्याचं पाणी मॅटखाली मुरतं आणि पत्रा आतून जातो. वरून गाडी चकचकीत आणि खाली बोट घातलं तर रस्ता दिसतो.

---

माहेरची_सँट्रो

मॅटचं अगदी खरं. सासरच्या झेनमध्ये पावसाळ्यात पायाखाली छोटंसं तळं व्हायचं, माझी मुलगी त्यात कागदाची होडी सोडायची.

---

साखरपेकर_कोल्हापूर

सगळ्यांना आधी धन्यवाद. एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं.

काल रविवार होता, सकाळी दोन्ही गाड्या बाहेर काढल्या. मडगार्ड दाबून बघितलं. झेन वर आली आणि थांबली. सँट्रो दाबली आणि सोडली, तर ती खाली-वर, खाली-वर, जत्रेतल्या घोड्यासारखी. शेजारच्या काकू बघत होत्या, म्हणाल्या काय झालं तिला.

मग टायर. गुडघ्यावर बसून मोबाइलचा टॉर्च लावून आकडे शोधले, दोन टायरवर ते आतल्या बाजूला निघाले म्हणून जवळजवळ गाडीखाली झोपलो. पुढचे दोन्ही 3114. मागचा एक 3114, दुसरा 0812. म्हणजे 2014 सालचे तीन आणि 2012 चा एक! नक्षी बघितली तर वाटेल मागच्या महिन्यात टाकलेत. नख रुतलं नाही. नख मोडलं.

हवा पुढं 41.

कॅरिअर आहे. काकांनी कधीतरी गणपती आणायला बसवलेलं, तेव्हापासून तिथंच. कालच पाना घेऊन काढलं, दोन नट गंजून बसले होते ते करवतीनं कापले.

मला खरं सांगायचं तर लाज वाटली. वर्षभर सँट्रो वाईट सँट्रो वाईट म्हणत पोरीला घेऊन घाट उतरत होतो, एकदाही खाली वाकून टायर बघितला नाही. आणि झेनला मात्र गेल्याच वर्षी नवीन टायर टाकलेत आणि शॉकअप केलेत. मी तुलना करत होतो ती गाड्यांची नव्हतीच, दादांनी सांभाळलेली एक आणि कोणीच न सांभाळलेली दुसरी.

---

तिसऱ्या_गिअरचा_माणूस

3114 🙏 देवा. त्या टायरवर दहावी पास होऊन पोरगं डिप्लोमा करतंय.

तरी झेनच ठेव.

---

पिंपरी_बी_शिफ्ट

आता निदान पुढचे शॉकअप, बुश आणि चार टायर टाका आणि मग परत एकदा त्याच वळणावरून दोन्ही गाड्या न्या, त्याच माणसांसकट. मग बोलू. त्याच्या आधी पासिंगचे पैसे भरू नका. वीस वर्षांच्या वरच्या कारला नूतनीकरणाचं शुल्क 2025 च्या ऑगस्टपासून 10 हजार झालंय, पंधरा ते वीसच्या मधल्याला 5 हजार आहे. वर पर्यावरण कर आणि आरटीओला फिटनेस दाखवायला न्यायची ती वेगळीच. त्या तपासणीत तसंही हे सगळं निघणारच होतं.

अजून एक, दोन्ही गाड्यांचे पेट्रोलचे रबरी पाइप बघून घ्या. आता पंपावर ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) येतं आणि ही इंजिनं निघाली तेव्हा ते कोणाच्या स्वप्नात नव्हतं. इथेनॉल जुनं रबर खातं. पाइप दोन-चारशे रुपयांचे आहेत, पण इंजिनावर पेट्रोल गळलं तर गाडीच जाईल.

---

गाडीअंगण_रत्नांग्री

आणि टायमिंग बेल्ट, इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा. सँट्रोचा काकांनी कधी बदलला होता? 78 हजार म्हणून गप्प बसू नका, बेल्टला वर्षंपण लागतात. बिल सापडलं नाही तर बदललाच नाही असं धरा.

---

साखरपेकर_कोल्हापूर

तीन आठवड्यांनी परत आलोय. काकांना फोन केला, बेल्ट कधी बदलला विचारलं तर म्हणाले "कुठला बेल्ट, सीटचा?" म्हणून तो बदलला. चार टायर 155/70 आर 13, पुढचे शॉकअप माउंटिंगसकट, लोअर आर्म बुश, लिंक, ब्रेक ऑइल, अलाइनमेंट, पाइप. सगळं मिळून 31 हजार गेले. बायकोला 22 सांगितलेत, ती इथं वाचत नाही.

आता शनिवारचं सांगतो. सकाळी सँट्रो घेऊन गेलो, पाच जण, एसी चालू, कॅरिअर नाही. मी वळणाच्या आधी नेहमीसारखा आपोआप श्वास धरला. गाडी झुकली, धरून राहिली, वळण संपलं, सरळ. बस. एवढंच. बायकोनं हँडल धरलंच नव्हतं, ती फोनवर बोलत होती. खाली साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा पोरगी म्हणाली बाबा आज घाट लहान झाला का.

मग पुढच्याच रविवारी झेन घेऊन एकटाच गेलो, एक कागद द्यायचा होता गावात. आणि खोटं कशाला बोलू, तिसऱ्या गिअरवाले साहेब जिंकले. रिकाम्या रस्त्यावर सकाळी साडेसहाला, धुकं नुकतंच उठलेलं, काचा खाली, दुसऱ्यात फिरवत वर आणली आणि माझं वय अठरा झालं. सँट्रो कितीही नीट केली तरी हे तिच्यात नाही. नव्या टायरवरसुद्धा तिचं स्टिअरिंग काय चाललंय ते सांगत नाही, वळते, मुकाट्यानं, पण बोलत नाही. झेन अख्खा रस्ता बडबडत असते. आणि हायवेला ट्रकच्या वाऱ्यानं सँट्रो अजूनही जरा हलतेच, ते राहणार बहुतेक.

मायलेज म्हणाल तर झेनला एकट्याला 17 च्या वर मिळालं, सँट्रोला पाच माणसं आणि एसीसकट 14 ला जरा कमी.

---

माहेरची_सँट्रो

मग ठरलं काय? आणि आईंना विचारलंत का?

---

साखरपेकर_कोल्हापूर

विचारलं ताई. आई म्हणाली दोन्ही चांगल्या आहेत. मग निघायच्या दिवशी दोन्ही गाड्या दारात उभ्या होत्या तर ती न बोलता सरळ जाऊन सँट्रोत बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

सँट्रोचं पासिंग करतोय. पैसे भरायला बसलोय.

झेनचा प्रश्न राहिलाच होता, तिचं पासिंग 2028 पर्यंत आहे. दादांना विचारायचं धाडस होत नव्हतं. त्यांनीच काल विषय काढला, म्हणाले गावच्या पडवीत जागा आहे, तिथं ठेव, मी तिकडं असलो की बाजाराला जाईन. म्हणजे आता झेन घाटाच्या खाली आणि सँट्रो घाटाच्या वर. बोळातल्या काकूंना सांगितलं जागा मोकळी होणार, त्या म्हणाल्या बरं झालं, आमच्या जावयाची गाडी लागेल.

गाडीअंगणवाले, एक विचारायचं होतं. तुम्ही म्हणाला तशी झेनची मॅट उचलली. ड्रायव्हरच्या बाजूला पत्र्याला रुपयाएवढं भोक आहे आणि भोवती पत्रा पापडासारखा मोडतोय. ह्याला वेल्डिंग करून पत्रा मारता येईल का, आणि पाऊस लागायच्या आत होईल का?

---

गाडीअंगण_रत्नांग्री

होईल. भोवतीचा सगळा कुजका पत्रा कापून नवीन मारायचा, वरून नुसती पट्टी चिकटवू देऊ नका कोणाला. खालून डांबरी कोटिंग. आणि आधी पाणी येतं कुठून ते शोधा, दरवाजाचं रबर नाहीतर काचेखालची जाळी पानांनी तुंबलेली असेल. गावाला झेन आणाल तेव्हा इकडं घेऊन या, दोन दिवस ठेवावी लागेल.

परत जायला एसटी आहे 😄

---

तिसऱ्या_गिअरचा_माणूस

पडवीत ठेवणार असशील तर आठवड्यातून एकदा तरी दादांना ती फिरवायला सांग. आणि कधी विकायची म्हणालास तर आधी मला मेसेज कर. मी रस्त्यात उभा राहून बघत बसणार नाही ह्या वेळी.